खलनायकाच्या वाट्याची करुणा

१

खलनायकाविषयी प्रेक्षकाच्या मनात किती सहानुभूती जागवावी, आणि जागवलीच तर तिचे पुढे काय करावे, हा नाट्यविचारातील फार जुना प्रश्न आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतील चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांना आपण सरसकट कॉमिक म्हणतो त्यांच्या, संदर्भात या प्रश्नाला नियमाचेच उत्तर देण्याचा एक प्रयत्न झाला. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक १९५४ साली प्रसिद्ध झाले. चित्रकथांतील हिंसा मुलांना बिघडवते, असा त्याचा आरोप होता. त्याच वर्षी अमेरिकी सेनेटच्या उपसमितीपुढे या विषयाची सुनावणी झाली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःसाठीच एक आचारसंहिता तयार केली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती निर्माण होईल अशा रीतीने गुन्ह्याचे चित्रण करू नये, असे तिचे एक प्रमुख कलम होते. दुसऱ्या एका कलमानुसार प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा या दोन्ही गोष्टी अनिवार्य होत्या. काळाच्या ओघात ही संहिता शिथिल होत गेली आणि २०११ मध्ये उरलेल्या मोठ्या प्रकाशकांनीही ती सोडून दिली.

'द पेंग्विन' ही आठ भागांची दूरचित्रवाणी मालिका १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२४ या काळात एचबीओ या वाहिनीवरून प्रसारित झाली. लॉरेन लफ्रँक हिने घडवलेली ही मालिका वरील दोन्ही कलमे जाणूनबुजून मोडते. तिचा नायक गुन्हेगार आहे, त्याच्याविषयी आपल्याला सहानुभूती वाटते आणि शेवटी विजय त्याचाच होतो. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच्या संहिताकारांना ज्या कलाकृतीची भीती वाटत होती, ती हीच. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, या मालिकेने ती भीती खरी ठरवली की खोटी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे की, खलनायकाविषयीची करुणा ही या मालिकेची केवळ शैली नाही, तो तिचा विषयच आहे. ती करुणा आपल्याकडून हळूहळू वसूल केली जाते, आणि अखेरीस आपण कशाला साहाय्यभूत झालो याचा हिशेब आपल्यापुढे मांडला जातो.

२

पेंग्विन हे पात्र जुने आहे. बॅटमन १९३९ साली अवतरला आणि त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, डिसेंबर १९४१ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ५८ व्या अंकात, बॉब केन आणि बिल फिंगर यांनी हा खलनायक वाचकांपुढे आणला. उंच टोपी, एका डोळ्याचे भिंग, काळा कोट आणि हातात छत्री असे त्याचे रूप होते. उमरावी थाटाचे विडंबन हा त्याच्या व्यक्तिरेखेचा गाभा होता. १९६६ ते १९६८ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेत बर्जेस मेरेडिथने त्याला हास्यकारक केले. टिम बर्टनच्या १९९२ च्या 'बॅटमन रिटर्न्स'मध्ये डॅनी डीव्हिटोने त्याला आईबापांनी टाकून दिलेला, गटारात वाढलेला विद्रूप जीव म्हणून उभे केले. २०१४ ते २०१९ या काळात चाललेल्या 'गॉथम' या मालिकेत रॉबिन लॉर्ड टेलरने त्याला महत्त्वाकांक्षी आणि धूर्त तरुण केले.

कॉलिन फॅरलने रंगवलेला पेंग्विन प्रथम दिसला तो मॅट रीव्हज दिग्दर्शित 'द बॅटमन' या २०२२ च्या चित्रपटात. त्या चित्रपटाच्या शेवटी गॉथम शहराचा समुद्रबांध सुरुंगांनी फोडला जातो आणि सखल भागातील वस्त्या पाण्याखाली जातात. मालिकेची कथा त्यानंतर आठवड्याभरात सुरू होते. येथे पात्राचे मूळचे लांबलचक उमरावी आडनावही कापले गेले आहे. तो नुसता ऑस्वल्ड कॉब, सर्वांचा ऑझ. छत्री नाही, भिंग नाही. जन्मतःच वाकडा असलेला एक पाय, व्रणांनी भरलेला चेहरा आणि बड्या गुन्हेगारांच्या पदरी चाकरी करून कमावलेली थोडी पत, एवढेच त्याचे भांडवल. चित्रकथेतील बाह्य चिन्हांचे मालिकेने काय केले, हे पाहण्याजोगे आहे. उंच टोपी गेली, परंतु ती 'टॉप हॅट' या फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या १९३५ च्या नृत्यपटाच्या रूपाने परत येते. लहानगा ऑझ एका पावसाळी रात्री आईच्या कुशीत बसून तो चित्रपट पाहतो. त्या रात्रीचे संपूर्ण रहस्य उलगडल्यावर ही टोपी वेशभूषेचा भाग न राहता एका अपराधाची खूण होते. मूळ सामग्रीशी इमान राखून तिला नवा अर्थ देणे म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

३

सहानुभूती निर्माण करण्याचे काम मालिका पहिल्या प्रसंगापासून सुरू करते. टोळीचा प्रमुख कार्माइन फॅल्कोनी मारला गेला आहे आणि गादीचा वारस अल्बर्टो हा चैनी, व्यसनी तरुण आहे. ऑझ त्याला आपल्या लहानपणीच्या वस्तीतल्या रेक्स कॅलाब्रीझ नावाच्या जुन्या दादाची गोष्ट सांगतो. रेक्स वस्तीतल्या प्रत्येकाला नावाने ओळखत असे. तो गेला तेव्हा लोकांनी त्याचा सन्मान केला. आपल्यालाही कोणी तसे आठवावे, ही ऑझच्या मनातली इच्छा बोलण्याच्या ओघात उघडी पडते आणि अल्बर्टो हसतो. ऑझ त्याला गोळी घालतो. पूर्वयोजना नाही, लाभाचा हिशेब नाही. आपले स्वप्न दुसऱ्यापुढे ठेवले आणि ते हास्यास्पद ठरले, एवढ्यासाठी झालेला हा खून आहे. प्रेक्षक त्याचे समर्थन करीत नाही, पण त्या हसण्याची बोच त्यालाही लागलेली असते. येथेच तो ऑझच्या बाजूला एक पाऊल सरकतो.

दुसरे पाऊल व्हिक्टर अग्विलारमुळे पडते. क्राउन पॉइंट या गरीब वस्तीतला हा पोरगेला मुलगा. पुरात त्याचे सगळे कुटुंब गेले. ऑझच्या मोटारीची चाके चोरताना तो सापडतो. ऑझ त्याला मारणार असतो, पण प्रेत नाहीसे करायला हात हवे असतात म्हणून जिवंत ठेवतो. या स्वार्थी आरंभातून त्यांच्यात गुरू आणि शिष्य, बाप आणि मुलगा अशा प्रकारचे नाते वाढत जाते. रेन्झी फेलिझ या नटाने व्हिक्टरचे अडखळत बोलणे फार संयमाने सांभाळले आहे. एका भारी उपाहारगृहात पदार्थ मागवताना तो अडखळतो. वाढपी त्याचे वाक्य उरकू पाहतो. तेव्हा ऑझ वाढप्याला दटावतो आणि व्हिक्टरला आपले बोलणे पुरे करू देतो. सबंध मालिकेत ऑझचे जे काही भले वर्तन आहे, त्यातील हे सर्वांत लहान आणि सर्वांत खरे वाटणारे कृत्य होय. ज्याच्या पायाला जग हसले, तो दुसऱ्याच्या अडखळणाऱ्या जिभेची बाजू घेतो. हा प्रसंग वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण मालिका त्याकडे पुन्हा वळणार आहे.

ऑझच्या धंद्याला सामाजिक बाजूही दिलेली आहे. पुरानंतर श्रीमंत भाग सावरले, पण क्राउन पॉइंट अंधारातच राहिले. त्या वस्तीत वीज आणण्यासाठी खटपट करतो तो ऑझ. वरच्यांनी वापरून फेकलेल्या माणसांना एकत्र करा, असे तो इतर टोळ्यांतील दुय्यम माणसांना सांगतो आणि त्याच्या बोलण्यात तथ्यही असते. अन्यायाचे खरे निदान करणारा माणूस न्यायी असतोच असे नाही, हे आपल्याला फार उशिरा कळते.

४

या मालिकेचे मोठेपण एकट्या ऑझवर उभे नाही. कार्माइनची मुलगी सोफिया ही त्याची प्रतिस्पर्धी. क्रिस्टिन मिलिओटी हिने केलेल्या या भूमिकेला २०२५ मध्ये मर्यादित मालिकेतील प्रमुख अभिनेत्रीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. जेफ लोब आणि टिम सेल यांच्या १९९६–९७ च्या 'द लाँग हॅलोवीन' या चित्रकथेत सोफिया येते, आणि त्यांच्याच 'डार्क व्हिक्टरी' या पुढच्या कथेत (१९९९–२०००) हँगमन या नावाने पोलिसांना फासावर लटकवणारी खुनी तीच असते. मालिकेने नेमका हाच धागा उलटा केला आहे. येथे हँगमन म्हणून ओळखले गेलेले खून तरुण स्त्रियांचे आहेत आणि ते सोफियाच्या बापाने केलेले आहेत. सोफियाला संशय येतो, ती एका बातमीदार स्त्रीला भेटते. तिचा मोटारचालक असलेला ऑझ ही भेट तिच्या बापाच्या कानावर घालतो. बाप सर्व खून मुलीच्या माथी मारतो. नातेवाईक तिच्या मानसिक आजाराची ग्वाही देतात. आणि ती दहा वर्षे आर्कमच्या वेड्यांच्या रुग्णालयात सडते.

चौथ्या भागात हा पूर्वेतिहास सलग सांगितला जातो. दहा वर्षे जे नाव तिच्यावर लादले गेले, ते तिला अखेर जगण्यासाठी अंगीकारावे लागते. एका रात्री ती वाड्यातल्या जवळजवळ सर्व नातलगांना विषारी वायूने मारते. जिया या लहान मुलीला मात्र ती वाचवते. आणि बापाचे आडनाव टाकून आईचे जिगांटे हे आडनाव घेते. चित्रकथेत जी खुनी होती ती येथे निरपराध होती. समाजाने तिला आधी खुनी ठरवले आणि मग ती तशी झाली. केवळ कथानकाला कलाटणी देण्यासाठी हा बदल केलेला नाही. गुन्हेगार हा जन्माने काळा असतो, या चित्रकथांच्या मूळ गृहीतकालाच लेखिकेने येथे प्रश्न विचारला आहे.

परंतु महत्त्वाचा प्रसंग पुढचा आहे. अनाथ मुलांच्या आश्रमात ठेवलेल्या जियाला सोफिया भेटायला जाते आणि त्या मुलीच्या अवस्थेत तिला स्वतःचे बालपण दिसते. आपल्याला जे केले गेले तेच आपण दुसऱ्या मुलीला केले, ही जाणीव तिला तेथे होते. या शहरातून निघून जाण्याचा विचार तिच्या मनात येतो. अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात ज्याला महत्त्व दिले ते अभिज्ञान, म्हणजे अज्ञानातून ज्ञानाकडे होणारा प्रवास, या मालिकेत घडतो तो सोफियाच्या बाबतीत. ती हरते आणि पुन्हा आर्कममध्ये जाते. मात्र तिचे हरणे शोकात्म आहे, कारण तिने स्वतःला पाहिलेले आहे.

५

ऑझच्या बाबतीत हे अभिज्ञान कधीच घडत नाही, आणि मालिकेचा सर्व अर्थ या अभावात साठलेला आहे. सातव्या भागात आपल्याला कळते की, लहानपणी खेळता खेळता ऑझने आपल्या दोन भावांना जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्यात कोंडले. पाऊस वाढला, बोगदा भरला आणि ते बुडाले. ऑझ घरी येऊन आईशेजारी चित्रपट पाहत बसला. एकटी आई आता त्याची होती. आजवर ज्या मातृप्रेमामुळे तो आपल्याला कोवळा वाटला, त्या प्रेमाचा पाया हा होता. शेवटच्या भागात याहून भयंकर गोष्ट समोर येते. आईला हे कळले होते, रेक्स कॅलाब्रीझकरवी मुलाला मारण्याचेही तिच्या मनात आले होते, आणि मुलाने तिला ऐश्वर्याचे वचन दिल्यावर ती गप्प राहिली होती. डीड्रा ओ'कॉनेल हिने स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली ही आई अशी उभी केली आहे की, तिचे विसरणे रोगाचे किती आणि सोयीचे किती, हे अखेरपर्यंत सांगता येत नाही.

सोफिया त्या आईला आणि मुलाला समोरासमोर आणते. खरे सांग, नाहीतर आईचे बोट तोडते, असे ती ऑझला बजावते. ऑझ खरे सांगत नाही. जिच्यासाठी आपण सर्व केले असे तो जन्मभर म्हणत आला, तिला वेदनेतून सोडवण्यासाठी एक वाक्यही तो उच्चारू शकत नाही. या ठिकाणी शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याचेही शरीर व्यंगाने वाकलेले आहे. परंतु नाटकाच्या आरंभीच तो आपला दुष्ट संकल्प प्रेक्षकांना उघड सांगतो. प्रेक्षक त्याचा जाणता सोबती असतो. ऑझ प्रेक्षकालाही सत्य सांगत नाही, कारण तो ते स्वतःलाच सांगत नाही. मराठी वाचकाला राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'मधील सुधाकर आठवेल. त्याचाही अधःपात अपमानातून सुरू होतो आणि त्याच्याही हातून स्वतःचे घर उद्ध्वस्त होते. पण सुधाकराला अखेर आपण काय केले ते कळते, आणि त्या अनुतापामुळेच आपली करुणा त्याच्याजवळ टिकून राहते. ऑझला अनुताप नाही. मग आतापर्यंत त्याला दिलेल्या करुणेचे आपण काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर व्हिक्टरच्या मृत्यूत आहे. लढाई संपली आहे, विजय मिळाला आहे. नदीकाठच्या बाकावर दोघे बसले आहेत. तुम्ही मला घरच्यासारखे आहात, असे व्हिक्टर ऑझला मनापासून सांगतो. कुटुंब माणसाला बळ देते तसे दुबळेही करते, हे नुकतेच अनुभवलेला ऑझ त्याचा गळा आवळतो आणि त्याची ओळखपत्रे पाण्यात टाकतो. ज्याने या मुलाला एकदा आपले वाक्य पुरे करू दिले होते, तोच त्याचा श्वास आणि शब्द एकदम थांबवतो. उपाहारगृहातला प्रसंग खोटा होता असे नाही. ऑझची माया खरीच होती. माया खरी असूनही ती खुनाला अडवू शकली नाही, हे या दृश्याचे खरे दुःख आहे. आणि प्रत्येकाला नावाने ओळखणाऱ्या रेक्ससारखे होण्याचे स्वप्न पाहणारा हा माणूस एका अनाथ मुलाचे नावच पुसून टाकतो.

१९४८ साली रॉबर्ट वॉर्शो या अमेरिकी समीक्षकाने 'द गँगस्टर अ‍ॅज ट्रॅजिक हीरो' या निबंधात असे प्रतिपादन केले होते की, गुन्हेगारी चित्रपटातील नायक यशाच्या शिखराकडे जातो आणि ते यशच त्याच्या विनाशाचे कारण ठरते. त्याचा मृत्यू प्रेक्षकाला यशाच्या ओझ्यातून सोडवतो. 'द पेंग्विन' प्रेक्षकाला ही सुटका नाकारते. ऑझ जगतो. उंच इमारतीतल्या घरात त्याची आई पक्षाघाताने निश्चल झाली आहे, तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळते आहे. शेजारच्या दालनात ईव्ह ही त्याची सोबतीण आईचा वेश करून, त्याचा अभिमान वाटतो असे आईचे शब्द म्हणून, त्याच्याबरोबर नाचते आहे. ज्या कौतुकासाठी त्याने सर्व केले ते आता त्याला भाड्याने घ्यावे लागते. आकाशात वटवाघळाचा संकेत उजळतो आणि मालिका संपते. बॅटमन मात्र सबंध मालिकेत एकदाही दिसत नाही. शिक्षा देणारा कोणी नाही. न्यायनिवाडा करण्याचे काम प्रेक्षकाकडेच सोपवलेले आहे.

६

मालिकेत दोष नाहीत असे नाही. सर्वांत गंभीर आक्षेप शरीरव्यंगाविषयीचा आहे. वाकड्या शरीरात वाकडे मन, ही समजूत साहित्यात शतकानुशतके रूढ आहे. मालिका प्रारंभी तिच्याविरुद्ध उभी राहते. जगाचा उपहास दोषी आहे, ऑझचा पाय नव्हे, असे ती सुचवते. परंतु शेवटी ऑझ लहानपणापासूनच निर्दय होता असे दाखवून ती त्या जुन्या समजुतीला अजाणता पुन्हा दार उघडते. निरोगी देहाच्या प्रसिद्ध नटाला रंगभूषेच्या थरांखाली झाकून हे व्यंग साकारले आहे, हेही येथे विसरता येत नाही. दुसरा आक्षेप वस्तीच्या चित्रणाविषयीचा आहे. क्राउन पॉइंटमधली माणसे ऑझच्या भाषणांत जितकी आहेत तितकी पडद्यावर नाहीत. व्हिक्टर वगळता त्यांना चेहरा मिळत नाही, त्यामुळे त्यांच्या फसवणुकीची खोली आपल्याला पुरती जाणवत नाही.

तरीही मूळ प्रश्नाचे उत्तर या दोषांमुळे बदलत नाही. १९५४ च्या संहिताकारांची समजूत अशी होती की, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटली की गुन्ह्याचा तिटकारा कमी होतो. म्हणून त्यांनी सहानुभूतीलाच बंदी केली. या मालिकेत घडते ते याच्या उलट आहे. ऑझ केवळ राक्षस असता, तर व्हिक्टरचा खून हा राक्षसाचा आणखी एक खून ठरला असता आणि आपण निर्धास्त मनाने पाहत राहिलो असतो. आपण ऑझच्या बाजूचे झालो होतो म्हणूनच तो खून सहन होत नाही. त्याचा अपमान आपल्याला बोचला होता, त्याची निदाने आपल्याला पटली होती, त्याच्या विजयाची आपण वाट पाहिली होती. गुन्ह्याचा तिटकारा येथे करुणेच्या मार्गाने येतो, म्हणून तो अधिक खोल जातो.

यातून साहित्याच्या विद्यार्थ्याने एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. एखाद्याचे दुःख समजणे आणि त्याचे कृत्य क्षम्य मानणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामान्य मनोरंजन त्या दोहोंची गल्लत करते. कठोर नीतिवादही तीच गल्लत करतो, म्हणून तो समजून घेण्यासच भितो. सोफियाला आपण समजून घेतो आणि तिच्या हातून मेलेल्यांनाही विसरत नाही. ऑझला समजून घेतो आणि त्याला सोडत नाही. एकेकाळी मुलांच्या हातून हिसकावून घेण्याजोग्या मानल्या गेलेल्या चित्रकथांच्या पात्रांनी हा भेद इतक्या स्पष्टपणे शिकवावा, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कोणत्याही पात्राचे वजन त्याच्या उगमावरून ठरत नसते. लेखकाने त्याच्या वाट्याला किती सत्य येऊ दिले, यावरून ते ठरते. व्हिक्टरच्या वाट्याला वाक्य पुरे करण्याइतका अवधी एकदाच आला. पुढच्या वेळी तो आला नाही, याची खंत प्रेक्षकाच्या मनात राहते, आणि ती राहावी हेच या मालिकेचे साफल्य आहे.